काटकोनाच्या आत

गेल्या तीन महिन्यांत नियमित वाचकांनी हे पान उघडले असेल तेव्हा त्यांना तिथे माझ्याऐवजी पाककृती आढळल्या असतील. त्यावर संपादकांकडे तेरा पत्रे आली. दोन पत्रांत, 'तुमचे ते मास्तर कुठे गेले?' अशी विचारणा होती. उरलेल्या अकरांत उपासाच्या थालीपिठाचे प्रमाण पुन्हा छापावे अशी विनंती होती. तेरांतले दोन म्हणजे शेकडा पंधरा. चौतीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला हा आकडा टोचला नाही असे नाही. पण त्या दोघांचे तरी समाधान करणे भाग आहे. शिवाय दिवाळी आली की वर्षाचा हिशेब लिहून टाकावा, ही आमच्या पिढीची सवय.

तर हिशेब असा : आषाढी एकादशीनंतर चौथ्या दिवशी माझ्या डाव्या खुब्याचा सांधा काढून तिथे नवा बसवण्यात आला. धातूचा दांडा, त्यावर चिनी मातीच्या जातीचा गुळगुळीत चेंडू, आणि त्याला बसायला प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली वाटी. माझ्या अंगावरची ही सर्वांत महाग वस्तू आहे आणि ती कुणालाही दाखवता येत नाही. सौ.चे म्हणणे, एवढ्या पैशांत तिच्या चार बांगड्या झाल्या असत्या आणि त्या निदान हळदीकुंकवाला तरी दिसल्या असत्या.

खुब्याचे दुखणे मोठे लबाड असते, हे आधी सांगून ठेवतो. ते चोरी एकीकडे करते आणि संशय दुसऱ्यावर घालते. माझा गुडघा दुखत होता. दोन वर्षे मी त्या निरपराध गुडघ्याला तेल चोळले, त्याला पट्टा बांधला, शेजाऱ्यांनी सांगितलेला लेप लावला. फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले, गुडघा वयाच्या मानाने बरा आहे. मग दुखते काय? ते उत्तर एका सकाळी माझ्या पायमोज्याने दिले. डाव्या पायात मोजा चढवायला वाकलो आणि हात पावलापर्यंत पोचेचना. नखे कापायला बसलो तर तीच गत. शेवटी सौ.ने माझा पाय मांडीवर घेतला आणि नखे कापून दिली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यासाठी पुष्कळ केले, पण त्या दिवशी ती मान खाली घालून नखे कापत असता मला जे वाटले ते मी या पानावर लिहीत नाही.

अस्थितज्ज्ञाने मला उताणे निजवले, गुडघा दुमडला आणि पाय हळूच फिरवला. मी ओरडलो. 'तुमचा चोर इथे आहे,' असे म्हणून त्यांनी जांघेवर बोट ठेवले. शाळेच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणून जो दाखवतात तो हा. उखळी आणि चेंडू यांच्यावर कूर्चेचे मऊ आवरण असते. ते क्ष-किरणांत दिसत नाही, म्हणून फोटोत तिथे एक फट दिसते. माझ्या उजव्या खुब्यात ती फट होती. डाव्यात हाड हाडाला टेकले होते. दोन वर्षे मी त्यावर चालत होतो आणि गुडघ्याला तेल लावत होतो.

आता या हिशेबातली जी रक्कम मला सरळ लिहिता येत नाही, ती आधी लिहून टाकतो.

माझी अक्का गिरगावात राहते. वय ब्याऐंशी. चाळीचा दुसरा मजला, लाकडी जिना. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का सोळाची. त्याच जिन्याने तिने मला कडेवर घेऊन वर-खाली केले आहे. पुढे तिचे लग्नही त्याच चाळीत, पलीकडच्या बिऱ्हाडात झाले, म्हणून मी त्या जिन्याला कधी अंतरलो नाही. गेली कित्येक वर्षे भाऊबीजेला सकाळी दहा वाजता मी तिच्या दाराशी असतो. नोकरीत होतो, साथीचे तापात होतो, एका वर्षी गाड्या बंद होत्या म्हणून दादरहून चालत गेलो, पण गेलो.

गेल्या वर्षी गेलो नाही. त्या आदल्या आठवड्यात एकदा जिना उतरताना कळ आली आणि मी मधल्या पायरीवर बसकण मारली होती. गिरगावातला तो जिना डोळ्यांपुढे आला. तिथे वर चढून पाटावर मांडी घालायची, ओवाळून घ्यायचे आणि सगळ्यांदेखत पुन्हा उठायचे! मला उठताना दोघांनी धरावे लागले असते. मी फोन केला आणि सांगितले, 'अक्का, ताप आहे गं.' ती म्हणाली, 'बरं. जपून राहा.' पुढे भाचीकडून कळले, अक्काने ताट तसेच झाकून संध्याकाळपर्यंत ठेवले होते. माझ्या आवाजात ताप नव्हता, असे ती म्हणाली होती म्हणे.

शस्त्रक्रियेला मी तयार झालो तो डॉक्टरांच्या युक्तिवादाने नव्हे; पुढची भाऊबीज चुकवायची नाही म्हणून. हे त्या वेळी कुणाला सांगितले नाही, आज तुम्हांला सांगतो.

इस्पितळात वाचायला वेळ भरपूर. चिरंजीवांनी मला हा सांधा ज्यांनी रूढ केला त्या जॉन चार्नली यांच्याविषयी पुष्कळ काही वाचायला आणून दिले. लँकेशायरमधल्या रायटिंग्टन इस्पितळातले हे शल्यविशारद. त्यांच्या आधीही कृत्रिम चेंडू बसवीत. अशाच एका रोग्याचा प्लॅस्टिकचा चेंडू जागचा हलला की असा कुरकुरे, की त्याच्या बायकोला त्याच्याबरोबर जेवायला बसवेना. तो आवाज घर्षणाचा, हे चार्नलींनी ओळखले आणि घर्षण कमी कसे होईल याच्या मागे ते लागले. १९५८ च्या सुमारास त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. आपल्या स्वयंपाकघरातल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असते ते. रोगी वेदनेतून सुटले, चालू लागले, आणि थोड्याच वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याची भुकटी सांध्यात साचू लागली. शेकडो रोग्यांचे सांधे बिघडले. या गृहस्थांनी ते झाकले नाही. ते टेफ्लॉन शरीराला काय करते हे पाहावे म्हणून त्यांनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले आणि काय झाले ते छापून प्रसिद्ध केले.

पुढची गोष्ट मला फार आवडली. एक विक्रेता नव्या प्लॅस्टिकचा, पॉलिएथिलीनचा, तुकडा घेऊन आला. चार्नलींनी तो पाहून बाजूला सारला. पण त्यांच्या कार्यशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवून यंत्र चालू ठेवले. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही तो तुकडा टेफ्लॉन एका दिवसात झिजते तेवढाही झिजला नव्हता. १९६२ च्या नोव्हेंबरपासून चार्नली त्याच्या वाट्या बसवू लागले, आणि माझ्या वाटीचे अस्तर त्याच वंशातले, सुधारलेल्या पिढीचे आहे. जगप्रसिद्ध 'लॅन्सेट' साप्ताहिकात २००७ साली या शस्त्रक्रियेला शतकातली शस्त्रक्रिया म्हटले गेले. आपल्याकडे मुंबईत डॉ. के. टी. ढोलकिया यांनी सांधेबदलाच्या शास्त्राचा पाया घातला. हे सारे वाचून मी अत्यंत आदराने पुस्तक मिटले आणि मनाशी म्हटले, काम झाले. आता आपण नुसते पडून राहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उभे केले!

पूर्वी अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवीत. आता तसे नाही. पडून राहिले की पोटरीच्या शिरांत रक्त साकळण्याचे भय असते, म्हणून रक्त पातळ ठेवण्याचे औषध देतात आणि पावले वर-खाली हलवायला लावतात. पोटरी हा पायातल्या रक्ताचा पंप आहे, तो चालू राहायला हवा. चौथ्या दिवशी मी वॉकर घेऊन घरी आलो. दादरला आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. वर येताना दोन मुलगे दोन्ही बाजूंना आणि मागे अख्खी इमारत, अशी आमची मिरवणूक निघाली.

घरी आल्यावर नियमांचा कागद भिंतीवर लागला. खुबा काटकोनापलीकडे दुमडायचा नाही. पायावर पाय टाकायचा नाही. पाऊल आत वळवायचे नाही. झोपताना दोन पायांमध्ये उशी. खुर्ची उंच, संडासाची बैठक उंच, आणि जमिनीवर काही पडले तर ते पडू द्यायचे. माझ्या शस्त्रक्रियेत सांधा मागच्या बाजूने उघडला होता. नवे वेष्टण भरून येईपर्यंत या तीन गोष्टींपैकी एक जरी केली तरी चेंडू वाटीतून निसटू शकतो. समोरून उघडलेल्यांचे पथ्य वेगळे असते, तेव्हा ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे. माझा कागद कुणी उतरवून घेऊ नये. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे मला माझ्या डॉक्टरांनी कायमचे वर्ज्य केले आहे.

चौतीस वर्षे मी मुलांना काटकोन शिकवला. काटकोन म्हणजे नव्वद अंश, हे न आलेल्या मुलाला मी वर्गाबाहेर उभे केले आहे. पण काटकोन कुठे लागतो हे मला सत्तराव्या वर्षी कळले. सोफ्यावर बसा, गुडघे खुब्याच्या वर गेले : काटकोन मोडला. खुर्चीवरून पुढे झुकून वर्तमानपत्र उचला : मोडला. चुकून झोपेत कूस बदला : मोडता मोडता राहिला. सौ. कोनमापक घेऊन बसल्यासारखी माझ्यावर नजर ठेवून असे. 'अहो, नव्वद!' एवढेच ती ओरडे, आणि मी जिथल्या तिथे पुतळा होई.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट आल्या. सव्वीस वर्षांची मुलगी, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि रबरी पट्टे. परळच्या के. ई. एम. मध्ये शिकलेली. मुंबईत १९५० नंतर पोलिओची साथ आली तेव्हा तिथे या शास्त्राचे देशातले पहिले विद्यालय उभे राहिले. तिथल्या या नव्या पिढीतल्या बाई. मी 'मास्तर' आणि ती 'बाई'. पण या शाळेत वर्ग तिचा होता.

'काका, टाच गादीवरून घासत आपल्याकडे ओढा. हं. सोडा. आता गुडघ्याखालचा टॉवेल दाबा, पाच आकडे होईपर्यंत. आता बैठकीचे स्नायू आवळा.'

'बाई, हे काय वय आहे का हो आवळायचे?'

'सांधा डॉक्टरांनी बदललाय, काका. स्नायू जुनेच आहेत. दोन वर्षं ते झोपा काढतायत.'

मग तिने मला ते समजावून सांगितले, आणि ते इतके स्वच्छ सांगितले की माझ्यातल्या मास्तराला हेवा वाटला. आपण एका पायावर उभे राहतो – आणि चालताना दर पावलाला आपण एका पायावरच असतो – तेव्हा शरीराचा भार खुब्याच्या आतल्या बाजूला पडतो. कंबर त्या बाजूला पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू खाली ओढून धरतात. ही सरळसरळ तरफ. भाराचा दांडा लांब, स्नायूंचा आखूड. म्हणून स्नायूंना दुप्पट जोर लावावा लागतो आणि दोन्ही मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीनपट दाब येतो. मी अडुसष्ट किलोंचा. म्हणजे नुसते दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना माझा खुबा दर पावलाला पावणेदोनशे-दोनशे किलो पेलतो! ते स्नायू दुबळे असले की कंबर झुकते आणि माणूस डुलत चालतो. म्हणून काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, उलट्या हातात धरायची. तिथून तरफेचा दांडा लांब मिळतो, थोडक्या जोराने पुष्कळ काम होते. सिनेमातले सगळे म्हातारे काठी चुकीच्या हातात धरतात, हे माझ्या तेव्हापासून ध्यानात येऊ लागले आहे.

बाई आठवड्यातून दोनदा येत. बाकीच्या दिवसांसाठी त्यांनी एक वही दिली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक व्यायाम किती वेळा केला तो आकडा लिहायचा. सर्वांत अवघड व्यायाम चौथ्या आठवड्यात सुरू झाला : उजव्या कुशीवर, पायांत उशी घेऊन निजायचे आणि डावा पाय सरळ वर उचलायचा. पंधरा वेळा.

पहिल्या दिवशी दुसऱ्या खेपेला आत कुठेसे 'कट्' असा आवाज आला. बाईंना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, की स्नायूबंध सरकताना असा आवाज येतो आणि बहुधा त्यात भिण्यासारखे काही नसते. मी विचारले नाही. मला वाटले, चेंडू निसटला. घामाने ओला होऊन मी तसाच पडून राहिलो. निसटला नव्हता. पण त्या सकाळी मी दोन खेपा केल्या आणि वहीत पंधरा लिहिले.

दुपारी एकही केली नाही आणि पंधरा लिहिले.

पुढचे दोन आठवडे माझी वही फार सुरेख होती. सौ. सकाळी साडेपाचचा गजर लावून उठे, माझ्या पायांत उशी देई, आणि मला संकोच नको म्हणून दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात जाई. मी छताकडे पाहत दहा मिनिटे पडून राही आणि मग आकडा लिही. वाचकहो, मी मास्तर होतो. घरचा अभ्यास भावाकडून उतरवून आणलेली वही मी दहा पावलांवरून ओळखत असे. चोरून लिहिलेल्या वहीत खाडाखोड नसते, शाई एक असते आणि आकडे एका रांगेत उभे असतात. हे सारे ठाऊक असून माझी वही तशीच झाली. कारण भीती वाटली की मास्तरही पोरच होतो.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी वही चाळली. काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, 'काका, कुशीवर व्हा. पंधरा उचला.'

मी एक उचलला. दोन. तिसऱ्याला पाय थरथरला. चौथ्याला तो गादीवरून वर आलाच नाही.

बाईंनी माझा पाय हातावर घेऊन हळूच उशीवर ठेवला. वही उघडली, माझ्या देखण्या पंधराच्या खाली '३' लिहिले आणि त्या म्हणाल्या, 'उद्यापासून खरं असेल तेच लिहा. दोन असले तर दोन. मला पुढचं ठरवायला तेच लागतं.' एवढेच. मी माझ्या विद्यार्थ्यांना याच्या दसपट बोललो असतो.

दारात सौ. चहाचा कप घेऊन उभी होती. तिने सगळे पाहिले होते. बाई गेल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही; मग कप उचलता उचलता म्हणाली, 'मी खाली वाण्याला सुद्धा सांगितलं होतं, पंधरा वेळा उचलतात म्हणून.'

टेफ्लॉनची चूक आपल्या मांडीवर भोगून छापून देणारे ते चार्नलीसाहेब त्या रात्री मला आठवले. मी आदराने पुस्तक मिटले होते, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सौ. दार ओढून बाहेर गेली नाही. खुर्ची ओढून बसली आणि मोजू लागली. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी थांबलो आणि तिला सांगितले, मला याची भीती वाटते. तिने बाईंना फोन लावला. बाईंनी दोन प्रश्न विचारले : कळ येते का, पायावर भार देता येतो का? कळ नव्हती, भार देता येत होता. 'मग चालू ठेवा, काका.' दोन मिनिटांचा फोन. तो मी दोन आठवडे केला नव्हता.

तेव्हापासूनची वही पाहाल तर ती मुळीच सुरेख नाही. तीन, तीन, चार, दोन. ज्या दिवशी दोन आहे त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि मन लागत नव्हते. मग पाच, पाच, चार, सहा. गणपती आले तेव्हा सात. यंदा पूजेला धाकटा बसला. मी आरतीला वॉकर धरून मागे उभा होतो. सत्तर वर्षांत प्रथमच मला गणपतीची मूर्ती वरून दिसली. मूर्ती उत्तरपूजेनंतर हलवताना नातवाने विचारले, 'आजोबा, बाप्पापण मांडी घालून बसतो, त्याचा खुबा दुखत नाही?' मी म्हटले, त्याला विचार. त्याने विचारले. उत्तर आले नाही, पण एकवीस मोदकांतला एक कमी झाला.

गणपतीनंतर वॉकर सुटला आणि काठी आली. मग मी बाईंना गिरगावच्या जिन्याची गोष्ट सांगितली, तापाची सुद्धा. त्यांनी कपाळाला आठी न घालता विचारले, 'पायऱ्या किती? उंची किती? कठडा कुठल्या बाजूला?' मी गप्प. ज्या जिन्यावर लहानाचा मोठा झालो त्याच्या पायऱ्या मला ठाऊक नव्हत्या. नातवाला फूटपट्टी देऊन गिरगावात पाठवले. त्याने अहवाल आणला : चौतीस पायऱ्या, प्रत्येक सुमारे आठ इंच उंच, कठडा चढताना डाव्या हाताला, एकाच बाजूला, आणि सत्ताविसावी पायरी हलते.

'चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा, मग काठी. उतरताना काठी, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला,' असे बाईंनी पाठ करून घेतले. आमच्या सौ.ने त्याचे सोपे केले : 'स्वर्गात जाताना पुण्यवान पुढे, नरकात जाताना पापी पुढे.' आता इमारतीतली पोरेही मला जिन्यात पाहून तसेच ओरडतात. चढताना कठडा डावीकडे म्हणजे काठी उजव्या हाती, हे ठीक. पण उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो आणि काठी डाव्या हाती घ्यावी लागते. तो एक आठवडा वेगळा गेला. मधेच एक पायरी हलेल तेव्हा काय करायचे, त्यासाठी बाईंनी आमच्या जिन्यात एका पायरीवर दुमडलेली चादर ठेवून सराव घेतला. टॅक्सीत कसे बसायचे तेही झाले : पुढची खुर्ची मागे सारायची, आधी पाठ फिरवून बैठक टेकायची, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आमच्या नाक्यावरच्या टॅक्सीवाल्याने तालमीसाठी गाडी पाच मिनिटे उभी केली आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्या आईचेही हेच ऑपरेशन व्हायचे आहे.

हे मी लिहितो आहे तो घटस्थापनेचा आठवडा. काल रात्री अक्काला फोन केला.

'अक्का, गेल्या वर्षी मला ताप नव्हता.'

'ठाऊक आहे रे.'

'मग बोलली का नाहीस?'

'तू खोटं बोलत होतास तर तसंच काही असेल म्हटलं. पोरपणीही तू दुखलं की लपवायचास. यंदा येणार का ते सांग.'

'येतो. पण पाटावर बसता येणार नाही मला. आता कधीच नाही.'

ती थोडा वेळ थांबली. मला वाटले, फोन लागत नाही. मग म्हणाली, 'पाट खुर्चीवर ठेवीन. नि मी उभी राहून ओवाळीन. तुला कडेवर घेत होते तेव्हाही मी उभीच होते की. आणि हे बघ, ती सत्ताविसावी पायरी तुझ्या भाच्याने कालच ठोकून घेतलीय. तुझा नातू पट्टी घेऊन आला होता ना, तेव्हाच मी ओळखलं.'

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज चार-आठ दिवसांवर आलेली असेल. चौतीस पायऱ्या चढलो की नाही, ते दिवाळीनंतर याच पानावर खरे असेल तेच कळवीन. संपादकांनी त्या अंकात थालीपिठाचे प्रमाणही छापण्याचे कबूल केले आहे, तेव्हा अकरा वाचकांनीही निश्चिंत असावे. सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.

आज सकाळचा आकडा तेरा. सौ.ने मोजला आहे.